मुठीतला दुसरा दाणा

शालूताईंचं नाव आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे राहून जायला नको. माझा सातवीचा दाखला त्यांच्यामुळे आहे. पुण्यातलं हे काम त्यांच्या भाचीने लावून दिलं. आणि मी घाबरते ती नेमकी कशाला, हे मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांनीच विचारलं. बाकी सगळे "घाबरू नको" म्हणायचे. शालूताईंनी विचारलं, "कायले भेतं व तू?" तेव्हा मला सांगता आलं नाही. आता लिहिते आहे ते त्याचंच उत्तर धरावं. उशीर झाला, पण आहे.

जानेवारीत पुण्याच्या मंडईत तुरीच्या हिरव्या शेंगा येतात. मी दरवर्षी पावशेर घेते आणि खोलीवर मीठ घालून उकडते. चव तशी येत नाही. आमच्याकडे त्या शेतातच तीन दगडांवर उकडतात, वर पळसाचं पान झाकतात, आणि धुराचा वास शेंगेच्या आत जातो. इथे गॅस आहे आणि कुकर. शेंग सोलली की आतले दाणे तसेच निघतात, हिरवे, एका ओळीत. ते तळहातावर घेतले की माझी मूठ आपोआप मिटते. खाण्याआधी मी थोडा वेळ तशीच बसते. शेजारीण एकदा म्हणाली, "मोजतेस काय?"

मी एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळचं पहिलं काम डाळ निवडायचं. मोठ्या परातीत डाळ पसरायची आणि खडे बाजूला काढायचे. मशीनची डाळ असते, खडे नसतातच, तरी मी शोधते. नाही सापडला तर मला वाटतं माझ्याच नजरेतून सुटला असेल. कल्पनामावशी, ज्या माझ्या शेजारच्या ओट्यावर पोळ्या लाटतात आणि मूळ साताऱ्याकडच्या आहेत, त्या म्हणतात, "पोरी, त्या डाळीला तरी सुखानं जगू दे."

मध्यंतरी जेवणाच्या सुटीत टीव्हीवर अमेरिका दाखवत होते. बर्फ पडलेला, माणसं जाड कोट घालून रांगेत उभी. मावशी म्हणाल्या, "आगं, ह्यांचं मतदान हिवाळ्याच्या तोंडावर असतंय नव्हं? मागं तवाच दावलं हुतं."

रुग्णांच्या आहाराचे तक्ते लिहिणाऱ्या मॅडम आमच्यातच जेवायला बसतात. त्यांनी सांगितलं, ही खरी निवडणूक नाही, तिच्या आधीची आहे. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षातून कोणी उभं राहायचं, हे पक्षाचे लोक आधी मत देऊन ठरवतात.

"म्हंजी आदी घरात भांडायचं, मग भाईर जाऊन?"

"तसंच," मॅडम म्हणाल्या.

टीव्हीवर खाली मोठ्या अक्षरात प्रश्न फिरत होता : हा उमेदवार मतदारांना जोडणार की तोडणार? दोन माणसं त्यावर एकाच वेळी बोलत होती, त्यामुळे कोणाचंच ऐकू येत नव्हतं. मी वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "आमच्याकडेपण असंच असते."

"कुठं, अमेरिकेत?" मावशींनी विचारलं.

"वर्ध्यात."

सगळ्या हसल्या. मीपण हसले. पण त्या दिवशी दुपारी रात्रीच्या डाळीच्या परातीत हात गेला तो तिथेच राहिला, खडे शोधायचं सुचेचना.

आमचं गाव अल्लीपूरपासून सायकलने गाठता येतं. नाव लिहीत नाही. ज्यांचं आहे ते ओळखतील. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पक्ष नसतात, पॅनल असतात. गावात दोन पॅनल, आणि आमच्या पॅनलची शेहेचाळीस घरं. त्यातली काही आमच्या आळीतली, काही खालच्या बौद्ध वस्तीतली, काही इकडची तिकडची. पॅनल बाळाभाऊंचं. म्हणजे ते पॅनलचे कोणी नव्हते, पण पॅनल त्यांचं होतं. त्या वर्षी सरपंच थेट लोकांनी निवडायचा होता आणि जागा बाईची होती.

आमच्या पॅनलमध्ये कोण उभं राहणार हे गडवा ठरवतो. गडवा म्हणजे पितळेचा तांब्या, निमुळत्या तोंडाचा. तो महादेवकाकांच्या घरी असतो, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून. पद्धत अशी की गडव्यावर फडकं टाकून तो खोलीत ठेवायचा. प्रत्येक घरातलं एक माणूस येणार. महादेवकाका त्याच्या हातावर दोन दाणे ठेवणार, एक तुरीचा, एक हरभऱ्याचा. तूर एकाचं नाव, हरभरा दुसऱ्याचं. आत जायचं, फडक्याखाली हात घालून पाहिजे तो दाणा टाकायचा आणि उरलेला तोंडात टाकून चावून खात बाहेर यायचं. म्हणजे मागे काही उरत नाही. कोणी कोणाला दिलं हे कोणाला कळत नाही. लिहिता न येणाऱ्यालाही जमतं. दात नसलेले गिळतात. मग दाणे मोजायचे. गडव्याने जे सांगितलं ते सगळ्यांनी मानायचं. गडव्याचं कोणी मोडल्याचं मी ऐकलं नव्हतं. हरलेला माणूस जिंकलेल्याचे उमेदवारीचे कागद भरायला हिंगणघाटला तहसीलमध्ये सोबत जायचा, अशी रीत होती.

त्या वर्षी तूर म्हणजे शालूताई. आणि हरभरा म्हणजे मी.

हे कसं झालं ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

शालूताईंची पिठाची चक्की वस्तीच्या तोंडाशी आहे. गावात दुसरी चक्की नाही. तरी मी लहान असताना आमच्या आळीतल्या दोन-चार घरांचं दळण अल्लीपूरला जायचं, दारात चक्की असताना. का जायचं हे कोणी बोलायचं नाही. हळूहळू तेही येऊ लागले, कारण सायकलवर दळण नेणं जड असतं. माझी आई आजारी पडून सेवाग्रामला दवाखान्यात भरती झाली तेव्हा मी सातवीत होते. घरचं रांधणं माझ्याकडे आलं आणि माझी शाळा बुडाली. कोणी काढली नाही, आपोआप बुडाली. दळण घेऊन गेले की शालूताई विचारायच्या, "शाळेत काऊन नाई?" मी म्हणायची, उद्या जाईन. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात सायकल घेऊन उभ्या. अंगावर पीठ तसंच. बाबांना म्हणाल्या, "तीन घंट्याचं काम हाय. तवरक भाजी म्या पाहातो." मला कॅरियरवर बसवून शाळेत सोडलं आणि खरंच आमच्या घरी येऊन भाजी टाकली. मी पास झाले. आई त्या उन्हाळ्यात गेली. आठवीला मी गेले नाही. पण माझा दाखला शाळेत पडून होता तो शालूताईंनी जाऊन आणला, प्लॅस्टिकमध्ये घालून दिला. "शाळा सुटली तं सुटली," म्हणाल्या, "कागद नको सोडू."

पुढे माझं लग्न झालं आणि दीड वर्षात मी परत आले. सासरी चार माणसांसमोर मी एका कागदावर सही केली. वाचला नाही. वाचता येत होतं, तरी नाही वाचला. सगळे उभे होते, आणि वाचत बसणं म्हणजे त्यांच्यावर संशय घेणं असं वाटलं. मी आपल्या मर्जीने नांदायचं सोडून जाते, असं त्यात लिहिलं होतं. मला घरी आल्यावर कळलं. तेव्हापासून कुठे सही करायची म्हटलं की माझ्या हाताला घाम येतो. पेन सरकतं.

दिवाळी उलटून कापसाची वेचणी लागली होती तेव्हा बाळाभाऊ आमच्या घरी आले. याआधी ते आमच्या ओट्यावर कधी बसले नव्हते. बाबांनी मला दोनदा चहा मांडायला लावला. मी आतून ऐकत होते.

"पोट्टी चांगली हाय," बाळाभाऊ म्हणाले. "कोनाच्या अध्यात नाई, मध्यात नाई. नवीन नियमात सातवी पास पाहिजे, तेही हाय तिच्यापाशी. शालूबाई हुशार हाय, मी नाई म्हनत नाई. पन ते लोकायले तोडते. आपल्याले जोडनारी पाहिजे."

बाबांनी मला हाक मारली. मी पदराला हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "भाऊ, मले पंचायतीचं काई समजत नाई."

"तुले समजाचं कामच नाई, माय," बाळाभाऊ हसले. खरंच प्रेमाने हसले. "सही तेवढी करजो. बाकी आमी पाहू."

माझ्या हाताला घाम आला. तो मी परत पदराला पुसला.

बाळाभाऊ खोटं बोलत नव्हते. शालूताईंमुळे माणसं खरंच दोन बाजूंना होत. त्याच वर्षी ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या होत्या. ग्रामसभेत आल्या आल्या रजिस्टरवर सह्या घेतात आणि कोणता ठराव झाला ते नंतर निवांत लिहितात, अशी चाल पडली होती. शालूताई म्हणाल्या, मागच्या सभेचं काय लिहिलं ते वाचून दाखवा. वाचावं लागलं. त्यात असे ठराव निघाले जे कोणी ऐकले नव्हते, आणि खाली सगळ्यांच्या सह्या. आमच्या बाबांचीपण. लोक चिडले. पण लिहिणाऱ्यावर फार नाही चिडले. ज्यांनी न वाचता सह्या केल्या होत्या ते शालूताईंवर चिडले, कारण चारचौघांत ते दिसून गेलं. बाबा घरी येऊन म्हणाले, "काय गरज होती वाचाची? झालं ते झालं होतं."

मला माझा कागद आठवत होता.

कोण जोडतं आणि कोण तोडतं याचा मी पुण्यात येऊन पुष्कळ विचार केलाय. डाळ निवडताना दुसरं काही करायचं नसतं. मला शेहेचाळीस घरांत कोणाचा विरोध नव्हता, कारण मी शेहेचाळीसमधल्या एकाही घराला कधी काही म्हटलं नव्हतं. कोरा कागद सगळ्यांना आवडतो. ज्याला जे पाहिजे ते लिहिता येतं. पण हे आता सुचतं. तेव्हा मला आतून बरंही वाटत होतं, हे लपवत नाही. टाकून दिलेली पोरगी म्हणून ज्या बायका विहिरीवर माझ्याकडे बघत नसत, त्या थांबून विचारू लागल्या, "काय सरपंचबाई?" कापूस वेचताना ओटी भरली की जड होते आणि कमर दुखते, पण त्या आठवड्यात माझी कमर दुखली नाही.

मग मी दळण घेऊन चक्कीवर गेले. टाळत होते, पण घरात पीठ संपलं. चक्की चालू होती, त्यामुळे दोघींना ओरडून बोलावं लागलं.

"आयकलं मी," शालूताई म्हणाल्या. "उभी राहून राह्यली म्हने."

"बाबा म्हनते."

"बाबा उभे राहून राह्यले का तू?"

रांगेत बसलेल्या बाया हसल्या. मी डबा पुढे सरकवला. पट्टा फटफट वाजत होता. शालूताईंच्या भुवयांवर पीठ होतं, पापण्यांवर पीठ होतं. त्यांनी माझ्या डब्यात वाकून ज्वारी पाहिली, मूठभर उचलली, परत सोडली. मग तो प्रश्न विचारला. "कायले भेतं व तू? मले का बाळाभाऊले का बापाले?"

मी म्हणाले, "सगळ्यायलेच."

"सगळ्यायले कोनी नाई भेत," त्या म्हणाल्या आणि माझं दळण वर ओतलं. पीठ डब्यात भरताना ते गरम होतं. घरी येईपर्यंत डबा छातीशी धरून चालले, थंडी होती म्हणून.

गडवा शाळेच्या वर्गात ठेवला होता. देवळाचा मंडप म्हटलं असतं तर वस्तीतली माणसं आली नसती, विहार म्हटलं असतं तर आमच्या आळीतली. शाळा सगळ्यांना चालते. वर्ग नेमका माझा सातवीचा. बाबांनी सांगितलं होतं, घराचा दाणा तूच टाक, शोभून दिसते. ते स्वतः व्हरांड्यात धोतर नीटनेटकं करून उभे होते. एकेक माणूस आत जात होतं आणि जबडा हलवत बाहेर येत होतं. हरभरा चावला की कडकड आवाज येतो, तुरीचा कमी येतो, त्यामुळे बाळाभाऊ डोळे मिटून ऐकत बसले होते. कोण काय चावतंय यावरून कोणाला मत गेलं ते त्यांना कळतं, असं ते म्हणायचे.

सगळ्यांचं झालं. महादेवकाकांनी ओट्यावर दुपट्टा पसरला आणि गडवा उपडा केला. तूर एका बाजूला, हरभरा एका बाजूला. मोजले. परत मोजले. मग त्यांनी टोपी काढली.

तुरीचे एकतीस. हरभऱ्याचेही एकतीस.

घरं शेहेचाळीस आणि दाणे बासष्ट.

"चोरी झाली!" कोणीतरी ओरडलं. "बाहेरून दाने आनले कोनीतरी!" लगेच वस्तीतल्यांनी आळीतल्यांकडे पाहिलं आणि आळीतल्यांनी वस्तीतल्यांकडे. दोन मिनिटांत व्हरांड्यात उभं राहायचीसुद्धा जागा वाटली गेली, अर्धे या खांबाकडे, अर्धे त्या खांबाकडे. महादेवकाका एकटेच मध्ये, हातात उपडा गडवा. "माया बापाच्या वक्तापासून असं झालं नाई," एवढंच म्हणत होते.

तेव्हा आमच्या समोरच्या राधाकाकू उठल्या. "बोंबलू नका," म्हणाल्या. "मी टाकले दोन."

"दोन?"

"हो, दोन. एक हिचा, एक तिचा. शालूनं माया सुनेचं बाळंतपन केलं, अन् हे पोट्टी समोर राहाते, रोज तोंड पाहा लागते. कोनाले नाई म्हनू मी?"

"मंग बाहेर येताना चावून काय राह्यलती?" बाळाभाऊंनी विचारलं.

"जीभ!"

हसू पसरलं. मग दुसरी बाई उठली, म्हणाली, मीपण. मग एक माणूस, तोही खाली मान घालून. मग आणखी काही. दोन्ही दाणे टाकणारी सोळा घरं होती हे हिशेबाने दिसतच होतं, पण उठले बारा-तेरा. बाकीचे बसून राहिले. कोणी कोणाशी ठरवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं होतं की असं करणारे आपण एकटेच. सोळा माणसं रिकामी तोंडं चावत त्या वर्गातून बाहेर आली होती आणि बाळाभाऊ डोळे मिटून ऐकत होते.

बाळाभाऊंना हसू आलं नाही. म्हणाले, "पाहा. म्हनलं होतं ना, तोडते म्हून? गडवाबी तोडला. दोन नावं आली नसती तं झालं असतं काय हे?"

"मायं नाव तं आधीपासून होतं, भाऊ," शालूताई शांतपणे म्हणाल्या. "दुसरं तुमी आनलं."

ठरलं की परत टाकायचं. पण या वेळी प्रत्येकाने उरलेला दाणा खायचा नाही, बाहेर येऊन तळहातावर दाखवायचा. म्हणजे लबाडी नको. हे बाळाभाऊंनी सुचवलं. उरलेला दाणा दाखवायचा म्हणजे कोणाला दिलं ते दाखवायचं. राधाकाकूंनी पदर तोंडाला लावला. मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत नव्हते.

मी उभी राहिले. का राहिले ते माहीत नाही, पाय उभे राहिले. म्हणाले, "मले नाई राहाचं." इतक्या हळू की शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल. गलका चालूच होता.

"थांबा!" शालूताई चक्कीवर ओरडतात तशा ओरडल्या. "पोट्टी काईतरी म्हनून राह्यली."

शेहेचाळीस घरं माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणाले, "मले नाई राहाचं. शालूताई हाये. त्यायनं मले परीक्षेले नेलं होतं, मी त्यायच्यासमोर..."

"मायासाठी नको बसू," शालूताईंनी मध्येच तोडलं. रागाने नाही, पण तोडलंच. "माया डोक्यावर उपकार नको ठेवू. तुले स्वतःले राहाचं हाय का नाई, तेवढं बोल."

मग मला काहीतरी स्वतःचं बोलावं लागलं. मी म्हणाले, "बाळाभाऊ म्हनते सही तेवढी करजो. मी वाचल्याबिगर सही करनार नाई. अन् वाचलेलं मले समजत नाई. मंग मी कायले उभी राहू?"

कोणी हसलं नाही. बाळाभाऊ उठून चप्पल शोधू लागले.

असं माझं नाव गेलं आणि शालूताई उमेदवार झाल्या. पण गडव्याने निवडलेल्या नाही. बाळाभाऊ सगळीकडे तेच सांगत राहिले. "गडवा कुठं बोलला? गडवा तं बरोबरीत होता." कागद भरायला हिंगणघाटला त्यांच्यासोबत आळीतलं कोणी गेलं नाही, राधाकाकू गेल्या. मतदानाच्या दिवशी आमच्या आळीतल्या दहा-बारा घरांना नेमकं वेचणीला जायचं सुचलं. विरोधात कोणी मत दिलं नाही म्हणे, फक्त शेतात गेले. शालूताई थोडक्या मतांनी पडल्या.

गावाने काय ते ठरवून टाकलं : पाहा, तोडतेच ती. आणि काही जण मला म्हणाले, तू राहिली असतीस तर पॅनल फुटलं नसतं, तूच फोडलं. बाबा महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. आमच्या ओट्यावर परत कोणी बसायला आलं नाही. शालूताईंच्या चक्कीवर काही दिवस रांग आखूड झाली, पण अल्लीपूर लांब आहे आणि पीठ रोज लागतं. उन्हाळ्यात त्यांनी मला पुण्याला भाचीकडे पाठवलं. एसटीत बसवताना म्हणाल्या, "कागद वाचत जाजो. नाई समजलं तं विचारत जाजो. लाज कायची?"

एवढं सगळं गावाला ठाऊक आहे. आता जे ठाऊक नाही ते.

राधाकाकू उठल्या आणि त्यांच्यामागून बाकीचे उठले, तेव्हा जे बसून राहिले त्यांच्यात मी होते. मीही दोन्ही टाकले होते.

वर्गात माझ्या जुन्या बाकाशेजारी गडवा होता. मुठीत दोन दाणे. मला मनातून तूर टाकायची होती, यात मला शंका नव्हती, आजही नाही. पण दाराच्या फटीतून बाबांचं धोतर दिसत होतं. हरभरा टाकला नाही तर बाबांच्या आनंदावर मीच माती टाकली असं होईल. तूर टाकली नाही तर सायकलच्या कॅरियरवरून मी उतरले असं होईल. कोणाला कळणार नव्हतं, तरी मी दोघांना घाबरले. फडक्याखाली मूठ नेली आणि उघडली. आधी एक वाजला, मग दुसरा. मग जबडा हलवत बाहेर आले. रिकाम्या तोंडाने चावताना दात दातांवर आपटतात, तो आवाज डोक्यात घुमतो. बाबांनी मान हलवली.

मी फक्त तूर टाकली असती तर तुरीचे एकतीस झाले असते आणि हरभऱ्याचे तीस. दाणे तरी जास्तच भरले असते, आरडाओरड झालीच असती. पण महादेवकाकांनी म्हटलं असतं, काही असो, तूर वर आहे, गडवा बोलला. आणि गडव्याचं कोणी मोडत नाही. बाळाभाऊंनी कपाळाला आठ्या घालून का होईना, हिंगणघाटला सोबत जीप नेली असती. कोणाला वेचणी सुचली नसती.

हे तसंच झालं असतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. फूट पडायची ती दुसऱ्या कशाने पडलीही असती. ग्रामसभेतल्या सह्या होत्याच. अल्लीपूरला जाणारं दळण होतंच. शालूताईंनी ते केलं नव्हतं, त्या फक्त त्याच्या मध्ये उभ्या राहिल्या. पण निवडणुकीत शालूताई तोडतात असं जे गावाच्या तोंडी बसलं, त्यात एक हरभरा माझा होता. सगळ्यांचं मन राखायला म्हणून टाकलेला.

टीव्हीवरच्या त्या दोन माणसांचं भांडण संपलं की नाही मला माहीत नाही. कल्पनामावशींनी चॅनल बदललं. मला वाटतं ते एकच प्रश्न विचारत होते, उमेदवार काय करतो. रांगेत उभा माणूस काय करतो हे विचारत नव्हते. थंडीत कोट घालून तिथवर जायचं, आणि मग हात फडक्याखाली गेल्यावर मूठ कशी उघडायची, ते त्याचं त्यालाच.

इथे मी आता कागद वाचते. पगाराच्या कागदावर सही करताना सगळा वाचते, म्हणून ऑफिसातले वैतागतात. "सगळ्यांनी केल्या सह्या, तुझंच काय?" मी म्हणते, दोन मिनिटं. हाताला घाम येतोच, तो ॲप्रनला पुसते आणि वाचते. नाही समजलं तर मॅडमना विचारते. आता कल्पनामावशीपण त्यांचे कागद माझ्याकडे आणतात. "वाच बाई, मग अंगठा देते," म्हणतात, सही येत असून.

गेल्या आठवड्यात शालूताईंचा फोन आला. मागे चक्कीचा आवाज. गावात परत निवडणूक लागायची आहे आणि गडवा निघणार आहे.

"मायं नाव घेऊन राह्यले काई जन," त्या ओरडून म्हणाल्या.

"परत?"

"पडलं म्हून काय झालं? बाळाभाऊचा पुतन्या समोर हाय या टायमाले. जागा सगळ्यायसाठी खुली हाय. राधाकाकू म्हनते, यंदा जीभ चावत नाई." मग चक्कीचा आवाज थोडा कमी झाला, त्या बाजूला सरकल्या असाव्यात. "तुयं नाव अजून इथल्याच यादीत हाय. तुया बापाले दात राह्यले नाई. तो म्हने, घराचा दाना पोरगीच टाकन. येतं का?"

मी म्हणाले, रजा विचारते.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सांगायचं ते सांगितलंच नाही. चक्कीच्या आवाजात ओरडून सांगण्यासारखं ते नव्हतं.

रजा मंजूर होईल की नाही ठाऊक नाही. आमच्याकडे दोन बाया आधीच सुटीवर आहेत. यंदा नाही जमलं तर पुढच्या वेळी, पण ताई, मी येईन. आधी चक्कीवर येईन आणि तुम्हाला पट्टा बंद करायला लावीन. सोळावं घर कोणाचं होतं ते सांगीन. तुम्ही रागावाल, मग माझं दळण ओताल. आणि मग शाळेच्या वर्गात जाऊन फडक्याखाली एकच दाणा टाकीन, तुमचा. दुसरा बाहेर व्हरांड्यात, बाबांच्या समोर, इतक्या जोराने चावीन की बाळाभाऊंना डोळे मिटायची गरज पडणार नाही.